एफ ४५० क्वाड : तीन नंबर मोटरची भानगड (कामाच्या नोंदी)

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीच्या सुट्टीत जोडायला घेतलेला क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) आज एकदाचा उभा राहिला आणि उभा राहिल्या राहिल्या चार सेकंदात उताणा पडला. म्हणून या नोंदी लिहायला घेतल्या, कारण काय बदललं, कधी बदललं हे मला दोन दिवसांनी आठवत नाही आणि मग तेच तेच परत करत बसतो.

सामान लिहून ठेवतो. एफ ४५० पद्धतीची फ्रेम, म्हणजे तिरकी मोजली तर मोटर ते मोटर ४५० मिमी. ए २२१२ मोटरी १००० केव्हीच्या, चार ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारी सर्किटं, प्रत्येक मोटरीला एक) ३० अँपिअरचे, प्रॉप म्हणजे पंखे १०४५ (१० इंच लांब, ४.५ पिच), थ्री सेल २२०० एमएएचची लिपो बॅटरी, उडणं सांभाळणारा पिक्सहॉक २.४.८ बोर्ड त्यावर आर्डूकॉप्टर सॉफ्टवेअर, रिमोट फ्लायस्कायचा आय ६. बॅटरीसकट वजन १०६० ग्रॅम भरलं, आण्णांच्या दुकानात तांब्याची वायर मोजायचा काटा आहे त्यावर. आण्णांचं तासगावात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, पंपाच्या मोटरी भरतात. त्यांना मोटर १००० केव्हीची आहे म्हणून सांगितलं तर म्हणाले, "एवढ्यात अख्खा तालुका चालंल की रं." मग सांगितलं की हे किलोव्होल्ट नाही, एका व्होल्टला बिनलोड किती फेरे घेते तो आकडा आहे, १००० केव्ही म्हणजे व्होल्टाला हजार आरपीएम. त्यावर हुं म्हणाले आणि स्टेटर सोलायला लागले.

२५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोच्या आत म्हणजे ड्रोन रूल्स २०२१ मध्ये हा मायक्रो, धंद्यासाठी उडवणार नाही त्यामुळं पायलट सर्टिफिकेट लागत नाही. शेत सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशात ग्रीन झोनमध्ये आहे तिथं ४०० फुटांपर्यंत चालतं, सध्या मला चार फूट मिळाले तरी भरून पावलो.

जोडताना मोटरींच्या वायरी लांब पडत होत्या, आर्मवरनं लोंबायच्या आणि प्रॉपमध्ये जातील अशी भीती, म्हणून सगळ्या अडीच-तीन इंच कापल्या, नवीन बुलेट कनेक्टर सोल्डर केले, वरनं काळी स्लीव्ह चढवली. दिसायला एकदम कंपनीचा माल.

तर आज सकाळी द्राक्षबागेच्या कडेच्या पडीक तुकड्यात नेला, आर्म केला (म्हणजे रिमोटवरनं मोटरींचं कुलूप काढलं), चारही मोटरी फिरल्या, हळूहळू थ्रॉटल वाढवला आणि जमीन सोडतोय न सोडतोय तोवर एका बाजूला असा कलला की सावरायला वेळच नाही. दोन प्रॉप गेले, एका आर्मला खरचटलं. बांधावर चुलतभाऊ मोबाईलवर शूटिंग करत होता ते वेगळंच.

१२ नोव्हेंबर

कारण सापडलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मी ईएससीच्या सिग्नल वायरी घड्याळाच्या काट्याप्रमाणे १, २, ३, ४ अशा लावल्या होत्या. आर्डूपायलटमध्ये (आर्डूकॉप्टर त्यातलंच) क्वाड एक्सचा क्रम तसा नाहीच. १ पुढचा उजवा, २ मागचा डावा, ३ पुढचा डावा, ४ मागचा उजवा, म्हणजे समोरासमोरच्या जोड्या. १ आणि २ उलटे (घड्याळाच्या विरुद्ध) फिरतात, ३ आणि ४ सुलटे. बेटाफ्लाइट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये परत वेगळाच क्रम, तिथं १ नंबर मागचा उजवा, त्यामुळं एकाचा फोटो बघून दुसऱ्याचं वायरिंग केलं की उताणाच पडणार.

त्यात भर म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मिशन प्लॅनर सॉफ्टवेअरच्या मोटर टेस्टमध्ये बटणं ए, बी, सी, डी अशी आहेत, आणि ए म्हणजे १, बी म्हणजे २ असं वाटतं, पण तसं नाही! ए, बी, सी, डी हे पुढच्या उजव्यापासून सुरू करून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायला पाहिजे असा क्रम आहे, त्यामुळं बी दाबल्यावर ४ नंबर, सी ला २ आणि डी ला ३ फिरतो. मी ही टेस्ट रविवारी केलीच नव्हती, चारही फिरतायत बघितलं आणि निघालो. टेस्ट केली असती तर बी ला पुढचा डावा फिरला असता आणि तिथंच कळलं असतं, दोन प्रॉप वाचले असते.

आता वायरी बदलल्या, प्रॉप काढून टेस्ट घेतली, क्रम बरोबर. फिरण्याची दिशा जोडतानाच तपासली होती, दोन मोटरी चुकीच्या दिशेनं फिरत होत्या त्यांच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं. हे मात्र मला कुठं वाचावं लागलं नाही, डीपीवर वायरमननं काम केलं की दुसऱ्या दिवशी निम्म्या शिवारातले पंप उलटे फिरतात आणि लोकं आण्णांना फोन करतात, लहानपणापासून बघतोय.

जाता जाता मोटर बसवायचे स्क्रू पण काढून बघितले. एका मोटरचे दोन स्क्रू जास्त आत गेले होते, वाइंडिंगला टेकायला केसभर अंतर. टेकले की तारेवरचं एनॅमल (इन्सुलेशनचा थर) सोलून बॉडीला शॉर्ट. आखूड स्क्रू लावले, मीटरनं प्रत्येक वायर ते मोटरची बॉडी कंटिन्युइटी बघितली, कुठं बीप नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

उडाला! उडाला म्हणजे गुडघ्याएवढा, दहा-बारा सेकंद. मग पुढच्या डाव्या बाजूनं खर्रर्र असा आवाज आला, पत्र्यावर खडे ओढल्यासारखा, आणि तिकडंच नाक खुपसून खाली, पडता पडता उजवीकडं गरगर फिरला. गवतात पडला म्हणून प्रॉप वाचले.

परत आर्म केला तर तीन मोटरी लगेच फिरल्या आणि तीन नंबर जागच्या जागी थरथरतेय, मग अर्ध्या सेकंदानं झटका घेऊन सुरू झाली. पुढच्या वेळी आर्म केला तर नीट. त्याच्या पुढच्या वेळी परत थरथर.

मला वाटलं कॅलिब्रेशन. ईएससीला माहीतच नसतं की रिमोटचा शून्य कुठला आणि फुल कुठला, साधारण १००० मायक्रोसेकंदाचा पल्स म्हणजे बंद आणि २००० म्हणजे फुल, पण प्रत्येकाला ते शिकवावं लागतं. थ्रॉटल फुल ठेवून बॅटरी लावायची, बोर्डचे दिवे लाल-निळे-पिवळे फिरायला लागले की थ्रॉटल तसाच ठेवून बॅटरी काढून परत लावायची, सेफ्टी स्विच दाबून धरायचा, ईएससी बीप देतात, मग थ्रॉटल खाली, लांब बीप. (प्रॉप काढून. हे लिहायची गरज नाही पण लिहितो.) तीनदा केलं. तिन्ही वेळा चारही ईएससीनी बरोबर बीप दिले. तीन नंबर तशीच.

मग मॉट स्पिन मिन (मोटर कमीत कमी किती फिरवायची ती सेटिंग) ०.१५ होता तो ०.२० केला, म्हटलं कमी स्पीडला अडखळत असेल तर तळ वर उचलू. त्याच वेळी रोल-पिचचा पी (आडवा किंवा पुढं-मागं कलला की बोर्डनं किती जोरानं सावरायचं तो आकडा) पण कमी केला, का केला माहीत नाही, हात शिवशिवत होते. दोन गोष्टी एकदम बदलल्या त्यामुळं आता कशानं काय झालं ते कळणार नाही. झालं तर काहीच नाही म्हणा.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो. आज बाहेर उडवायचा प्रश्नच नाही, बूथच्या आसपास कुणी बघितला तर कुठल्या पार्टीचा म्हणून विचारतील. आधीच उन्हाळ्यानंतर रात्रीच्या ड्रोनच्या अफवांनी तिकडं बीड, पुण्याच्या खेड्यांत लोकं जागत बसली होती. घरात बसून रविवारचा लॉग काढला.

हे आधीच करायला पाहिजे होतं. पिक्सहॉकच्या मेमरी कार्डात सगळं असतं. आरसीओयू म्हणून जे रकाने आहेत त्यात सी १ ते सी ४, म्हणजे बोर्डनं त्या त्या मोटरला किती पल्स पाठवला ते. सुरुवातीचे दहा सेकंद चारही १५०० च्या आगंमागं. मग एका क्षणी सी ३ सरळ वर चढतो आणि १९५० ला जाऊन चिकटतो (मॉट स्पिन मॅक्स ०.९५ आहे, म्हणजे त्याच्या वर बोर्ड जातच नाही), त्याच वेळी सी ४, म्हणजे तिरका समोरचा, खाली पडून ११५० ला, तेव्हा जो तळ होता तिथं. आणि तरीसुद्धा रोल डावीकडं आणि पिच पुढं पडतच चाललाय.

म्हणजे बोर्ड तीन नंबरला ओरडून सांगतोय की फुल पळ, आणि ती पळत नाही. गरगर फिरण्याचं पण उत्तर यातच, ३ आणि ४ दोन्ही सुलट्या फिरणाऱ्या, दोघी गळाल्या की १ आणि २ चाच जोर उरतो आणि फ्रेम उजवीकडं फिरणार.

मग बोर्ड, रिमोट, पी-आय-डी, कॅलिब्रेशन सगळे सुटले. राहिले तीनच संशयित: ईएससी, मोटर, नाहीतर मधल्या वायरी. स्पिन मिन आणि पी परत होते तिथं आणून ठेवले.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज अदलाबदल. ३ नंबरचा ईएससी १ नंबरच्या आर्मवर आणि १ चा ३ वर, फक्त बुलेट काढून घालून. मोटर तिथंच. हिशोब सोपा, खोट ईएससीबरोबर सरकली तर ईएससी, जागेवर राहिली तर मोटर.

आणि खोट गायबच झाली. चारही मोटरी वीस-वीस वेळा आर्म केल्या, एकदाही थरथर नाही. दोन मिनिटं हवेत ठेवला, नीट. मी काढलेला निष्कर्ष असा की ईएससीच्या आत कुठंतरी एखादा मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा भाग) मरायला टेकलाय आणि १ नंबरवर सध्या नशिबानं चालतोय, म्हणून नवीन ईएससी मागवला, साडेचारशे रुपये. आता लिहिताना कळतंय की अदलाबदल केल्यावर खोट कुठंच दिसली नाही तर काही सिद्ध झालं नाही, फक्त आपण काहीतरी हलवलं एवढंच सिद्ध झालं. पण त्या दिवशी आनंदात होतो.

३० नोव्हेंबर, शनिवार

नवीन ईएससी बसवला, कॅलिब्रेट केला. संध्याकाळी दुकानाच्या मागच्या मोकळ्या जागेत, पहिली दीड मिनिटं छान, मग खर्रर्र. तीन नंबर. यावेळी एक प्रॉप गेला आणि पडताना आर्मवर आपटला.

साडेचारशे पाण्यात. डोकं बंद.

१ डिसेंबर, रविवार

आजची नोंद मोठी आहे.

सकाळी दुकानात टेबलावर क्वाड बांधून ठेवला (प्रॉप काढलेले) आणि मोटर टेस्टमधनं डी दाबत होतो, तीन नंबर कधी फिरायची कधी थरथरायची. आण्णा पलीकडं पाच एचपीच्या सबमर्सिबलचं वाइंडिंग काढत होते, पाठ माझ्याकडं. चार-पाच वेळा झाल्यावर न वळताच म्हणाले,

"एक फेज गेलाय का रं त्याचा?"

मी म्हटलं, "आण्णा, हे लाइटवर नाही चालत, बॅटरीवर चालतंय, डीसी आहे."

"बॅटरीवर चालू दे न्हाईतर रॉकेलवर. वायरी किती हायत?"

तीन.

"मग तीन फेज. आवाज सिंगल फेजिंगचा हाय."

आता हे शेतीतल्या कुणालाही सांगायला नको. थ्री फेज मोटरचा एक फेज उडाला की मोटर उभ्या उभ्या हुं हुं करत थरथरते, फिरत असली तर फिरत राहते पण जोर नाही, आणि थोड्या वेळात जळते, म्हणून स्टार्टरला प्रिव्हेंटर लावतात. आण्णांचं निम्मं दुकान सिंगल फेजिंगवर चाललंय. आणि मी दोन आठवडे डीसिंक (ईएससी आणि मोटरचा ताल चुकणं), टायमिंग, स्टार्टअप पॉवर असलं वाचत बसलो होतो.

खरं तर दोघांचं एकच आहे. ईएससी बॅटरीचं डीसी घेऊन तीन वायरींवर आळीपाळीनं सोडतो, एका वेळी दोन वायरींत करंट आणि तिसरी मोकळी, त्या मोकळ्या वायरीवर मोटरच्या फिरण्यानं जो व्होल्टेज उठतो तो ऐकून ईएससी ठरवतो की रोटर आत्ता कुठंय आणि पुढचा टप्पा कधी टाकायचा. मोटरमध्ये दुसरा कुठला सेन्सर नाही, ऐकण्यावरच सगळं. ए २२१२ ला १४ चुंबकं, म्हणजे ७ जोड्या, प्रत्येक जोडीला ६ टप्पे, एका फेऱ्याला ४२. सात हजार आरपीएम धरले तर सेकंदाला ४९०० वेळा हा टप्पा पडतो. त्यात एक वायर अर्धवट लागत असेल तर ढकलायला पण कमी पडते आणि ऐकायला पण चुकीचं येतं, टप्पा चुकला की रोटर एकीकडं आणि ईएससी दुसरीकडं, खर्रर्र. थ्रॉटल जोरात मागितला की करंट वाढतो आणि तेव्हाच सुटतं, म्हणून टेबलावर कधी फिरायची आणि हवेत मात्र दगा द्यायची.

पण कुठला फेज आणि कुठं? मी मीटरनं ओहम बघितले होते की, तिन्ही जोड्यांना ०.४, ०.५, ०.४. आण्णा म्हणाले त्या मीटरनं एवढा बारका रेझिस्टन्स दिसणारच नाही, मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच तेवढा असतो. बरोबर आहे, प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.३ दाखवतो.

मग त्यांनी विचारलं सिरीज लॅम्प आहे का. दुकानात भिंतीवर सिरीजचा बोर्ड आहे, मोठा बल्ब लावलेला, भरलेली मोटर आधी त्यातनं टेस्ट करायची, शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि फ्युज वाचतो. तो २३० व्होल्टचा, इथं कामाचा नाही. पण माझ्याकडं स्मोक स्टॉपर होता! पहिल्यांदा बॅटरी लावताना काही जळू नये म्हणून बॅटरी आणि क्वाडच्या मध्ये लावायचा, १२ व्होल्टचा २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब दोन कनेक्टरमध्ये. मला वाटत होतं मी काहीतरी आधुनिक वस्तू बनवलीय. आण्णांनी हातात घेऊन उलटसुलट बघितला, "सिरीज लॅम्पच की हा," आणि वर "बरा केलाईस" असंही म्हणाले, एवढं त्यांच्याकडनं खूप झालं.

तर दुकानातली बाइकची बॅटरी, सिरीजला तो बल्ब, आणि पुढं मोटरच्या तीनपैकी दोन वायरी. बल्ब पेटला म्हणजे वाइंडिंगमधनं साधारण १.७ अँपिअर जातोय, बल्बनंच तो बांधून ठेवलाय. आता मीटर ओहमवर नाही, मिलिव्होल्टवर, आणि प्रोब त्या दोन बुलेटवर थेट. करंट तिन्ही वेळा तेवढाच असेल तर जास्त रेझिस्टन्स तिथं जास्त मिलिव्होल्ट, आणि प्रोबच्या वायरींचा काही संबंध नाही कारण त्यातनं करंट जातच नाही.

वायरींना मी क, ख, ग अशा पट्ट्या लावल्या.

क ते ख : १४९.
ख ते ग : मीटरनं नुसता १ दाखवला, २०० च्या रेंजबाहेर. रेंज वाढवली, ३९०.
ग ते क : ३८६.

दोन्ही वाईट आकड्यांत ग आहे. वाइंडिंगचा घोळ असता तर एवढं स्वच्छ एकाच वायरीवर आलं नसतं. आण्णांनी ग चा बुलेट दोन बोटांत धरून किंचित वाकवला, आणि मीटर ३९० वरनं १७०, परत ४१०, परत २०० असा नाचायला लागला. चोवीस तारखेला खोट गायब का झाली तेही लगेच कळलं. मी बुलेट ओढून-घालून वायर हलवली होती, ती तेवढ्यापुरती टेकली.

स्लीव्ह ब्लेडनं चिरली. आत सोल्डर चकचकीत, वरनं काही वाटलं नसतं. आण्णांनी वायर धरून ओढली आणि बुलेटमधनं ती निघूनच आली, दोन-तीन तारा तेवढ्या चिकटलेल्या, बाकीच्या सोल्डरच्या डबक्यातनं सुट्ट्या, आणि त्या तारांचा रंग तांब्याचा नाही, तांबूस-तपकिरी.

एनॅमल.

म्हणजे ही बाहेर आलेली वायर वेगळी जोडलेली नव्हतीच, वाइंडिंगच्याच तारा स्लीव्हमधनं सरळ बाहेर काढलेल्या. टोकाला कंपनीनं एनॅमल काढून बुलेट लावला होता, तो मी अडीच इंच कापून टाकला आणि एनॅमलवरच सोल्डर ओतला, तेही २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्ननं ज्याला बुलेटसुद्धा नीट तापवता येत नाही.

आण्णा काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती, मी सातवीत असल्यापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत या दुकानात बसून एकच काम केलंय, वाइंडिंगच्या तारांची टोकं ब्लेडनं खरवडायची. शंभर टोकांना दहा रुपये. ते दहा रुपये त्यांना आठवत असणार.

३ डिसेंबर

रात्री ड्युटीवरनं आल्यावर सगळ्या बाराच्या बारा वायरींचे मिलिव्होल्ट घेतले. दोन नंबर आणि चार नंबर मोटर बरी, १५० च्या आतबाहेर. एक नंबरची एक वायर २१०, म्हणजे पुढच्या महिन्यात तिनं पण हेच केलं असतं. तरी बाराही परत केल्या. बुलेट काढला, तारा सुट्ट्या केल्या, प्रत्येक तार ब्लेडनं फिरवून खरवडली, वर झिरो नंबर पॉलिश पेपर, मग फ्लक्स, आधी नुसत्या तारांना टिनिंग (सगळीकडनं चांदीसारखं चढलं पाहिजे, एक जरी तार काळपट राहिली तर परत), मग आण्णांच्या ६० वॉटच्या सोल्डरिंग आयर्ननं बुलेट भरला. ब्लेड जोरात दाबलं तर तार कापते, एकीची एक तार तुटली, तिथनं मागं अर्धा इंच घेऊन परत केलं. साडेबारा वाजले.

तीन नंबर आता: १५१, १४९, १५०.

जुना ईएससी ठणठणीत होता, परत त्याच्या जागी. नवा स्पेअर म्हणून डब्यात.

८ डिसेंबर, रविवार

उडवला, दोनदा, प्रत्येकी चार-साडेचार मिनिटं. खर्रर्र नाही. थ्रॉटल मुद्दाम झटक्यानं वर-खाली केला, चारही मोटरी एकसुरात. आर्म तीस वेळा केला असेल, तीन नंबर पहिल्या झटक्यात.

पण आता दुसरंच. हवेत स्थिर असला तरी नाक हळूहळू डावीकडं जायला बघतं आणि बोर्ड त्याला ओढून धरतोय असं वाटतं, यॉ मारला (नाक वळवलं) तर उजवीकडं आळशी आणि डावीकडं चपळ. लॉग बघितला: सी १, सी २ सरासरी १५६० आणि सी ३, सी ४ सरासरी १४४०. पुढं-मागं किंवा डावं-उजवं असा फरक असता तर बॅटरी एकीकडं सरकलीय म्हटलं असतं. पण तिरक्या जोड्यांत फरक, म्हणजे एका दिशेला फिरणाऱ्या दोघी जास्त राबतायत, म्हणजे कुठलीतरी मोटर सरळ वर बघत नाही, तिचा जोर थोडा बाजूला जाऊन फ्रेमला फिरवतोय.

व्हायब्रेशन ठीक, व्हाइबचे तिन्ही आकडे १५ च्या खाली. ३० च्या आत असलं की चिंता नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

मोटर तिरकी आहे का ते नुसतं बघून कळत नाही, डिग्रीभराचा मामला. बाजूच्या घराचं प्लास्टर चाललंय, तिथल्या गवंड्याकडनं छोटी पाणसळ मागून आणली. फ्रेमचा मधला पत्रा टेबलावर पातळीत आणला, खाली वहीचे पुठ्ठे सरकवून सरकवून, आणि मग एकेका मोटरवर प्रॉप आर्मला आडवा ठेवून त्यावर पाणसळ. १, २, ४ चा बुडबुडा मध्ये. तीन नंबरचा सरळ एका बाजूला जाऊन रेषेला टेकला.

३० तारखेला आपटला तो आर्म. प्लॅस्टिकला वरनं चीर दिसत नव्हती, स्क्रू काढून आर्म हातात घेऊन पिळला तर मुळाशी पांढरी रेघ. गंमत अशी की तीन नंबर पडायची म्हणून आर्म गेला आणि आर्म गेला तरी शिव्या मोटरलाच. नवीन आर्म फ्रेमबरोबर एक जादा आला होता तो लावला, मोटर बसवली, स्क्रूला थोडं थ्रेडलॉक.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी सात वाजता, वारा नाही, थंडी चांगली. ७ मिनिटं हवेत, सेलला ३.५ व्होल्टवर आल्यावर उतरवला. सी १ ते सी ४ : १५०४, १५०९, १४९३, १४९८. उतरल्यावर मोटरींना हात लावून बघितलं, चारही कोमट, एकसारख्या.

आण्णा पण आले होते आज, उसाला पाणी सोडायला, या आठवड्यात दिवसाची लाइट आहे. उडताना फार बघितलं नाही, खाली उतरल्यावर जवळ आले. मी बॅटरी काढली, प्रॉप काढले, तर त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, टोक मोटरच्या बुडाला लावलं, मूठ कानाला, आणि दुसऱ्या हातानं मोटर हळूच फिरवायला लागले. पंपाचं बेरिंग असंच ऐकतात. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबरला जरा जास्त वेळ, काही बोलले नाहीत. चार नंबरला थांबले, परत फिरवली, स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"ऐक."

ऐकलं. बाकी तिघी गप्प आणि हिच्यात बारीक वाळू चुरल्यासारखं, एका जागी आलं की जरासं अडतंय.

"दहा-बारा तास चालंल अजून," म्हणाले आणि मोटर चालू करायला विहिरीकडं गेले.

चार नंबरच्या आर्मवर मार्करनं फुली मारून ठेवलीय. बेरिंग शोधायला सुरुवात केली पाहिजे.